अक्काला निघालेलं वचन

सोलापूरहून हुमनाबादची गाडी धरली तेव्हा पिशवीत अक्कासाठी नवा गाऊन, थर्मास आणि दवाखान्यात लागणारं बारीकसारीक सामान होतं. माझ्या या थोरल्या बहिणीच्या हृदयाची झडप खराब झाली होती. ऑपरेशनला उशीर नको, असं गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तिला गावाहून उचलून तिथे भरती करायचं, एवढंच माझं काम होतं.

हुमनाबादला लॉऱ्यांच्या धुरात उभी राहून जी जीप पकडली, तिने मला भलत्याच फाट्यावर सोडलं. मग उन्हात पायपीट. तुरी काढून झालेल्या, रानात नुसते बुडखे. सरपण घेऊन चाललेल्या एका बाईने विचारलं, "कुणाकडं जायलाव?"

"चर्चजवळच्या अक्कांकडे."

"पाय लई सुजलेत त्यांचे. जावा लवकर."

अक्का दारातच बसली होती. ओठ निळसर पडलेले, दोन शब्दांना धाप. दाजींनी ज्वारीची कडक भाकरी आणि पुंडीपल्ल्या (अंबाडीची भाजी) वाढली. मी पहिला घास घेते न घेते तोच अक्का म्हणाली, "मी येत न्हाई, मार्थे."

वर्षाच्या पहिल्या दिवशी उपासना संपली की आमच्यात बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्यांचं ताट फिरतं. डोळे मिटून एक उचलायची, ते वचन वर्षभराची सोबत. अक्काने मनात ऑपरेशनचा प्रश्न धरून चिठ्ठी उचलली होती आणि स्वस्थ राहण्याचं वचन निघालं होतं.

"देवानं सांगितलं, स्वस्थ बस. मग डॉक्टर कोण सांगणारा?"

मला संताप आला. देवाला मी मानते, पण असला कौल मला पटत नाही. "डॉक्टरही देवानेच दिलेत ना?" मी म्हणाले.

"व्हय. पण श्वास त्येच्याच हातात हाय."

दाजी खाली मान घालून जेवत राहिले. त्यांचा काही आधार मिळेना, तेव्हा मी चर्चच्या पास्टरांना बोलावून आणलं. म्हातारा, सौम्य माणूस. ते अक्काशेजारी बसले. "अक्का, देवाला शेवट ठाऊक हाय, पण म्हणून काय त्यानं आपले पाय बांधले न्हाईत. चिठ्ठी धीरासाठी असती. ठरवायचं आपल्यालाच ऱ्हातं."

"मी काय ठरवणार ते बी त्याला आधीच ठाऊक असंल की, पास्टरसाहेब. मग तुमी कामून भांडायलाव?"

पास्टर प्रार्थना करून निघून गेले.

सकाळी दाजी स्कूटर पुसत होते आणि मी अक्काची वेणी घालत होते. ती हळूच म्हणाली, "पहिली चिठ्ठी येगळी होती गं. ऊठ आणि चालाय लाग, असं वचन हुतं. मी ती ताटात परत टाकली."

"कामून?" माझ्या तोंडून तिचीच बोली आली.

"भ्या वाटलं. छाती उघडतेत म्हणं. मग दुसरी उचलली."

"मग ही देवाची इच्छा कशी?"

"दुसरी बी त्येच्याच ताटातली हाय की." मग तिने माझं मनगट धरलं. "ह्यांना सांगू नको. देवाचं म्हटलं की गप बसतेत. मीच नको म्हटलं हे कळलं, तर न्यायला का न्हाई जमलं म्हणून जन्मभर सोत्ताला खातील."

मी खूप विनवण्या केल्या, रडले. ती हलली नाही.

दाजींनी मला हुमनाबादच्या स्टँडवर सोडलं. गाडी लागली तरी ते जाईनात. शेवटी म्हणाले, "मार्थाबाई, तुमी शिकलेल्या. ही खरंच देवाचीच इच्छा असंल का वो?"

खरं सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी तिला उचलून नेलं असतं. कदाचित ती बरी झाली असती. कदाचित ऑपरेशनच्या टेबलावरच गेली असती, तिला ज्याचं भ्या वाटत होतं तसंच.

"असेल, दाजी," मी म्हणाले.

त्यांनी डोळे पुसले आणि स्कूटर वळवली. गाडीतूनच मी गुलबर्ग्याच्या दवाखान्याला फोन करून खाट दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलं.

अक्काचा फोन अजून येतो. बोलण्यापेक्षा धापच जास्त ऐकू येते. अक्काचं अक्काने ठरवलं की देवाने, यावर पास्टरांनी वाद घालावा. स्टँडवरचा तो एक शब्द मात्र माझा मी ठरवून बोलले, आणि तो देवावर ढकलायला जागा नाही.