मागच्या सीटची हवा

आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढं पोटासाठी सांगलीकडून नागपूरला आलो आणि एका घरी ड्रायव्हर म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात, ऐन मे महिन्यात, मालकांच्या आईला सावनेरला न्यायचं होतं. सात सीटची मोठी गाडी. पुढं एसी थंडगार, मागं मात्र नुसती फुंकर.

"काहून गा, मागं हवाच नाही येऊन राहिली? कालपर्यंत तर चांगली होती," आजी म्हणाल्या.

मला वाटलं, नव्या ड्रायव्हरनंच एसी बिघडवला म्हणतील आणि घरी पाठवतील.

गाडी झाडाखाली घेतली. मागचं बटण फुल होतं. छताच्या झडपांशी हात धरला, तर हवा गारच होती, फक्त कमी. म्हणजे गॅस ठीक, हवेची वाट कुठंतरी अडलेली. मागच्या सीटशेजारी एक जाळी असते, तिथून हवा आत ओढली जाते. बघतो तर तिच्या फटींत ओला वाळा गच्च कोंबलेला!

"अगा, तो मीच लावला सकाळी. कूलरले नाही का लावत? म्हटलं, अजून गार होईन."

वाळा उपसला आणि झडपांतून भसकन हवा आली. आजी खुदकन हसल्या.

"कोनाले सांगजो नको गा. सून वर्षभर चिडवन मले."

मग त्यांनीच मुलाला फोन लावला. "एसी बिघडला होता, यानं रस्त्यातच नीट केला. पोरगं कामाचं आहे, याले सोडजो नको."

वाळ्याचं नावही काढलं नाही. मी मान खाली घालून गाडी सुरू केली, कारण डोळे भरून आले होते.