पाणी सोडून राहिलो

माझं माहेर पुण्याचं, आणि भाषेचा माज मला थोडा आहेच. नवरा नागपूरचा, पण संसार सगळा पुण्यात झाला आणि घरात तोही माझ्यासारखंच बोलायला लागला. निवृत्तीनंतर आम्ही नागपूरला आलो आणि मी कॅमेरा हातात घेतला.

भोसल्यांच्या काळातली एक बाग मला सापडली. चारी बाजूंनी उंच दगडी भिंत, आत जुनी विहीर आणि विहिरीपासून कारंज्यापर्यंत दगडात कोरलेला पाट. इथल्या एका प्रदर्शनाला मी तिचे तीन फोटो दिले. तिन्ही परत आले. ‘भिंत छान, पण बाग मेलेली वाटते,’ असा शेरा होता. तो झोंबला, कारण खरा होता. पाट कोरडा होता. फाटकावर कळलं की त्यात पाणी फक्त गुरुवारी येतं, आणि प्रदर्शनाला नवा फोटो द्यायची मुदत संपायला दोनच गुरुवार उरले होते.

पहिल्या गुरुवारी सकाळीच गेले. म्हातारे माळीबुवा विहिरीपाशी उभे होते. म्हणाले, “ताई, मी पाणी सोडून राहिलो.”

मला वाटलं, बिचाऱ्यांचा निर्जळी उपास. या वयात, अशा उन्हात त्यांना कामाला लावणं माझ्या जिवावर आलं. “तब्येतीला जपा हो,” म्हणून मी परत फिरले. ते माझ्याकडे बघतच राहिले.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर त्याला चहाचा ठसका लागला. “अगं, सोडून राहिलो म्हणजे सोडतोय. पाटात पाणी सोडत होते ते.” आठवडाभर त्याने मला पिडलं. राग त्याचा नव्हता, माझाच मला आला होता. तीस वर्षं नागपूरच्या माणसाबरोबर राहून मी एवढंही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या गुरुवारी फाटक उघडायच्या आधी हजर. माळीबुवांनी विचारलं, “मागच्या येळी काहून गेल्या ताई? मी सांगतलं ना तुमाले.”

मी खरं ते सांगून टाकलं. ते पायरीवर बसून हसले. “उपास अन् मी? तर्री-पोहे खाऊन आलो मी.”

मग त्यांनी विहिरीपाशी पाणी सोडायचं चाक फिरवलं. कडुनिंबाचा पाचोळा पुढे ढकलत पाणी पाटातून आलं आणि सगळी भिंत त्यात उलटी उतरली. मी सरळ पोटावर आडवी झाले. साडी भिजली, कोपर खरचटलं, पण आनंदात मला त्याचं भानच नव्हतं. श्वास रोखला तेव्हा कुठे फोटो स्थिर आला. तेवढ्यात नवऱ्याचा फोन, कुठे आहेस म्हणून.

“मी फोटो काढून राहिली,” मी म्हणाले. पलीकडे त्याला पुन्हा ठसका लागला.

फोटो प्रदर्शनात लागला, दारासमोरच्या भिंतीवर. माळीबुवा धुतलेली टोपी घालून आले. खालचं नाव बोट ठेवून वाचलं, ‘पाणी सोडून राहिलो’. मग मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून म्हणाले, “आता बराबर बोलून राहिल्या तुम्ही, ताई.”