खिडकीचे गज

"अजून तहानलं हाये," मिस्तरी म्हणायचे आणि लाकडाला टेकवलेला गाल तसाच ठेवून आणखी तेल मागायचे. जवसाच्या तेलाचा एक हात द्यायचा, थांबायचं, गाल लावून बघायचं. लाकूड गालाला कोरडं लागलं की त्याला तहान आहे. आपण पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघतो, तितकं ते सहज असायचं.

संग्रामपुरात आमच्या आणि त्यांच्या अंगणात कमरेएवढी मातीची भिंत होती. तरुणपणी देवी आल्या, त्यात मिस्तरींचे दोन्ही डोळे गेले. रंधा, पटाशी हाताच्या सवयीची होती ती राहिली. पण नाव झालं ते तेलाच्या आणि पॉलिशच्या हाताचं. वरवट बकालहून लोक देव्हारे, चौरंग गाडीत घालून आणायचे. नागपूरचे साहेब दौऱ्यावर यायचे असले की डाकबंगल्याच्या खुर्च्याही याच अंगणात येऊन पडायच्या.

आमचं भांडण ठरलेलं, केरावरून. मी भाजीपाला लावणाऱ्या घरातली सून. वाफ्यांवर जायच्या आधी अंगण झाडून मोकळी व्हायचे. खराट्याचा पहिला फटका पडला की भिंतीपलीकडून ओरड यायची.

"वयनी, झाडून राह्यल्या का माह्या कामावर माती पेरून राह्यल्या?"

"मंग काय केर डोक्श्यावर घेऊन बसू?"

"बसा ना! नाई तं आधी पाणी शिंपडा."

मग मी मुद्दाम असं शिंपडायचे की चार थेंब त्यांच्या टोपीवर पडावेत. ते टोपी झटकायचे आणि हसायचे.

त्यांना एकच मुलगी, सरू. मेहकरकडे दिली होती. मागच्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि बाळ जन्मलं ते रडलंच नाही. मिस्तरी डाकबंगल्याच्या कामात अडकलेले, म्हणून बाजारातून पाळणा आधीच आणून ठेवला होता, तो रिकामा परत गेला. बाळाच्या आधी घरात पाळणा आणू नये, असं आमच्याकडे म्हणतातच. बायकांनी सगळा दोष त्या पाळण्यावर घातला. यंदा सरूला पुन्हा दिवस गेले, ती माहेरी आली, आणि तिच्या आईनं, मिस्तरणीनं, घरात पाळण्याचं नावच बंद करून टाकलं.

आता अडचण बघा. बारसं बाराव्या दिवशी. जवसाच्या तेलाचे हात एकावर एक द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, वास जाऊ द्यायचा, म्हणजे महिना कसा जातो कळत नाही. चपडीचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश लवकर वाळतं, पण लेकरू कठडा चाटणार, दात येताना चावणार, म्हणून पाळण्याला ते त्यांनी कधी लावलं नाही. बाजारचा तर आता कुणालाच नको होता. बरं, दुसऱ्याचा मागून आणावा, तर साऱ्या गावाचे पाळणे ह्यांच्या हाताखालून गेलेले. अशा आजोबानं नातवंडासाठी पाळणा मागायला कुणाच्या दारात उभं राहायचं?

एका सकाळी बघते तर मिस्तरींच्या बाजेवर सागवानाचे कातीव दांडे ओळीनं मांडलेले. वीतभर लांबीचे.

"काय करून राह्यले, मिस्तरी?"

"खिडकीचे गज हायेत. डाकबंगल्याचे."

"येवढूशी खिडकी? त्यातून साहेब पाहीन का मांजर?"

"साहेबाची मर्जी."

पुढे चार खांब आले. प्रत्येकाच्या टोकाला कोरलेला पोपट.

"आन् हे पोपट?"

"साहेबाले हौस हाये," मिस्तरी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले.

मी पदर तोंडात कोंबून घरात पळाले. त्यांच्या हाताला, जोडल्याशिवाय पाळणा हा पाळणा नव्हताच. सुटा दांडा तो दांडा, सुटा खांब तो खांब. म्हणजे रिवाजही मोडला नाही आणि कुणाला कळलंही नाही, अशी त्यांची समजूत. अहो, ते पोपट बघून गल्लीतलं शेंबडं पोरही पाळणा म्हणून सांगेल, हे त्यांना कोण सांगणार? भाजी घ्यायला आलेली बाई भिंतीवरून बघायची, तिचं तोंड उघडायचं, आणि मी डोळे वटारून तिला गप्प करायचे.

मिस्तरीण एकदा भिंतीशी आली. "मले काय दिसत नाई का वो? पण तोंड उघडलं तं त्याईले बंद करा म्हणा लागीन. आन् तसं मले म्हणवत नाई," एवढं बोलून ती आत गेली.

मला खरी काळजी सरूची होती. तिची खाट खिडकीशीच. एकदा ती त्या दांड्यांकडे टक लावून बसलेली दिसली आणि मी तशीच भिंतीशी गेले. पोरीला मागचं आठवत असणार! सामान परसात न्या, असं मिस्तरींना सांगायला मी तोंड उघडलं, तर सरूनं खिडकीतूनच हात हलवून मला थांबवलं. का, ते तेव्हा कळलं नाही. पण त्या दिवसांत मी अंगण झाडलं नाही, नुसतं सारवलं. सासूबाई बडबडल्या. म्हटलं, बडबडू दे.

मार्गशीर्षात एका दुपारी सरूला कळा लागल्या. सुईण आत, आम्ही बाया आत-बाहेर. मिस्तरी तेलाचा बोळा घेऊन अंगणात एकाच दांड्यावर हात फिरवत बसले होते. तो दांडा केव्हाच वाळून तयार झाला होता. कुणी काही विचारलं तरी ऐकू येत नव्हतं त्यांना.

मग आतून रडणं आलं. असं खणखणीत की वेशीपर्यंत ऐकू जावं! मुलगी झाली होती. मिस्तरी उठले, पुन्हा बसले आणि पोरासारखे हुंदके देऊन रडले. ऊन उतरायच्या आत त्यांची ठोकाठोकी सुरू झाली.

"आता काय करून राह्यले?" मी विचारलं.

"पाळणा," ते म्हणाले.

बारशाला घर बायकांनी भरलं. आधी पाळण्यात वरवंटा घालून झाला, मग बाळ घातलं. मिस्तरी ओसरीवर अंग चोरून बसले होते. सरूनं त्यांना हाताला धरून आत आणलं आणि त्यांचा हात बाळाच्या पोटावर ठेवला. तो हात ठेवावा की उचलावा, त्यांना कळेना.

"बाबा, मी रोज पाहून राह्यली होती," सरू म्हणाली.

"काय पाहून राह्यली होती?"

"गज. आन् साहेबाचे पोपट."

बायका खुदखुदल्या. मिस्तरींचा चेहरा पडला. "तुले दिसत होतं?"

"साऱ्या गल्लीले दिसत होतं."

"मंग बोलली काऊन नाई वं?"

सरूनं पाळण्याच्या कठड्यावर हात ठेवला. "बाबा, घरात सारे असे वागत होते का जसं काई लेकरू येणारच नाई. कोणी नाव घे नाई. तुमी एकलेच त्याच्यासाठी तेल लावून राह्यले होते. मी सकाळी उठून तेवढंच पाहो. त्याच्यावरच दिवस काढले मी. बोलली असती तं तुमी थांबले असते."

मिस्तरीण चुलीकडे तोंड करून उभी राहिली. मी तर सरळ रडले, त्यात काय लपवायचं?

मिस्तरींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजूनही अंगणात पाणी शिंपडते, आणि पलीकडून कुणी काही बोलत नाही, तेव्हा ते फार आठवतात. पाळणा मात्र त्या घरात कधी थांबत नाही. गल्लीत कुणाला दिवस गेले की त्याला मागणं येतं, तेही बाळंतपणाच्या आधीच. म्हाताऱ्या कुरकुरतात. पण मिस्तरीण, थकली आहे तरी, स्वतः पाळण्याबरोबर जाते. पोटुशीला खाटेवर पडल्या पडल्या दिसेल अशा जागी तो टांगून घेते, आणि मगच चहाला बसते.