गुरुवार आणि शुक्रवार

फोनवर तुम्ही विचारलंत, आजी तुरुंगात जायची म्हणजे काय? जायची खरी, पण कैद्यांची पत्रं लिहायला. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. गावातल्या एका निवृत्त हेडमास्तरांनी तुरुंगाच्या साहेबांची परवानगी मिळवली होती आणि इंग्रजी शाळा शिकलेली म्हणून मला बोलावलं. कैदी सांगत, मी लिहीत असे. साहेब पत्र तपासून शिक्का मारत. मग ते मी घरी पोचवायचं, वाचून दाखवायचं आणि उत्तर घेऊन जायचं. पोस्टानं पाठवलं तर शिक्का आधी पोस्टमन बघणार, मग सगळी वाडी.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "नाव, गुन्हा, शिक्षा यांतलं काहीही फाटकाबाहेर जिभेवर यायला नको. घरीसुद्धा." मी ते तंतोतंत पाळलं. तुमच्या आजोबांना फक्त एवढंच माहीत, की गुरुवारी मी तुरुंगात जाते आणि शुक्रवारी वाड्यांवर. गुरुवार चुकला नाही, शुक्रवारही नाही. कामाला ठरलेला वार असावा अशी माझी शिस्त होती, आणि तिचा मला थोडा अभिमानही होता.

किनाऱ्यावरच्या वाडीतली एक बाई शुक्रवारच्या माझ्या यादीत होती. नवरा एका व्यापाऱ्याच्या मचव्यावर खलाशी होता. खोबऱ्याची पोती चोरली म्हणून त्याला शिक्षा झाली होती. वाडीत तिनं सांगितलं होतं, की तो मंगळूरला गलबतावर लागलाय. हे खोटं तिला का टिकवायचं होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

त्या वाडीची रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसांनी दोन्ही बाजूंनी ओढायचं लांबच लांब जाळं. ते एकाच्या मालकीचं नसतं. प्रत्येक घर आपापलं जाळं आणतं, ती सगळी एकाला एक जोडतात, आणि ज्याचं जाळं त्यात आहे त्याला मासळीत वाटा मिळतो. नवरा नसला तरी जाळ्याचा वाटा घरी येई, त्यावर ती आणि तिच्या दोन मुली जगत होत्या. पण ओढलेल्या मासळीची रास उघड्या वाळूवर पडलेली असते, वाटे होईपर्यंत तिला कुलूप नाही की पहारा नाही. म्हणून चोर ठरलेल्या घराचं जाळं रापणीत घेत नसत.

मी जाई, आत शिरून दार लावून घेई आणि हळू आवाजात पत्र वाची. मला वाटे, मी किती काळजी घेते!

एका शुक्रवारी बाहेर पडले तर शेजारीण वाटेतच उभी. ती सुकी मासळी घेऊन कट्टा गावच्या बाजारात बसायची.

"बाईनू, बेस्तरवारी तुमी कट्ट्यार गाडी बदलून जेलात जातास. शुक्रवारी हयसर येतास. मंगळुराक जेल कधी बांधल्यानी गो?" ती हसत म्हणाली. "आणि भर दिवसा दार कित्याक लावतास? त्या घरात कोण मेला काय?"

मी छत्री उघडून चालू लागले. त्या वाडीत दिवसा कुणी दार लावत नाही, मेल्याशिवाय किंवा भांडल्याशिवाय, हे इतके महिने माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी ती खलाशाची बायको मासळीची पाटी घेऊन आमच्या मागीलदारी आली. रागानं चेहरा तांबडा झाला होता.

"तुमी तोंडान काय एक बोलाक नाय, ता माका म्हायत आसा. पण तुमचा घड्याळ बोलला. तुमचा दार बोलला." पाटी धाडकन खाली ठेवून ती म्हणाली, "आता माझ्या दारात येव नकात. मीच येतंय. मी पाटी घेवन खंयच्याय घरात जातंय, माका कोण इचारता?"

तेव्हापासून ती पायरीवर बसून कोळंबी सोलायची आणि मी शेजारी बसून वाचायची. कुणी मागून गेलं की ती मोठ्यानं म्हणायची, "नाय परवडणा बाई, ह्या भावात नाय!" आणि मी पुढची ओळ वाची. गुप्तता तिला माझ्यापेक्षा चांगली कळत होती. मीही गुरुवार सोडला. वेगवेगळ्या वारी जाऊ लागले.

पण उशीर झाला होता. गणपती गेले, रापण जोडायचे दिवस आले आणि एका सकाळी रापणीचा म्होरक्या आमच्या पडवीत येऊन बसला. आजोबा आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. मागीलदारी ती होती, अर्धं वाचलेलं पत्र मी पदराखाली धरलं होतं. मधे फक्त स्वयंपाकघर.

म्होरक्या कचेरीतल्यासारखं शुद्ध बोलू लागला. "बाई, या घरात खोटं बोलत नाहीत, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. म्हणून तुम्हालाच विचारतो. तो मंगळूरला आहे, की तुरुंगात? परवा जाळी जोडायची आहेत."

"तुरुंगात कोण आहे ते मी सांगत नाही," मी म्हटलं.

"तो नसेल तर नाही म्हणा. त्यात काय बिघडतं?"

नाही म्हटलं असतं तर त्यानं विश्वास ठेवला असता. तिचं जाळं वाचलं असतं.

"कोण नाही तेही मी सांगत नाही," मी म्हटलं. "आज याचं नाही म्हटलं, आणि उद्या दुसऱ्याबद्दल विचारल्यावर गप्प बसले, तर त्याचं उघड झालंच ना?"

तो शुद्ध भाषा सोडून म्हणाला, "आणि तुमी गप बसल्यान तिच्या चेडवांची पोटां भरतली?"

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

तेवढ्यात ती स्वयंपाकघरातून पडवीत आली. हात कोळंबीच्या टरफलांनी भरलेले.

"माझो घो जेलात आसा. खोबऱ्याची पोती चोरल्यान, भोगता हा. आता माझा जाळा जोडा नायतर फेका. पण बाईक इचारू नकात."

"बाईन शिकवल्यान तुका?"

"बाई? तिच्या घोवाक तरी तिना सांगल्यान काय, इचारा!"

वर्तमानपत्रामागून आजोबा म्हणाले, "नाही बुवा. मला तर आत्ताच कळतंय."

कुणी हसलं नाही. म्होरक्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "रशी ओढूक माणूस व्हयो," तो शेवटी म्हणाला. "घो येयसर तू ओढूची. आणि वाटे होयसर राशीकडे फिरकाचा नाय."

राशीपासून लांब म्हणजे घर चोराचंच ठरलं, हे तिला कळलं. पण तिनं मान हलवली. "ओढतंय."

तो गेल्यावर ती परत पायरीवर जाऊन बसली. मी तिच्यासमोर उभी होते. वार पाळायची माझी हौस नसती तर तिला आज तोंड उघडावं लागलं नसतं. तसं मी म्हणायला गेले, तर तिनं ऐकूनच घेतलं नाही.

"वाचा आता. मोठ्यान वाचा. आता कोणाक भियाचा?"

मी तरीही हळूच वाचलं. तिनं स्वतःचं सांगितलं होतं. त्या कागदावरचं त्याचं होतं, आणि त्यानं कुणाला सांगायची परवानगी दिली नव्हती. म्हणून त्यात काय होतं ते तुम्हालाही सांगत नाही.