रिवर्कला टाकलेल्या जाहिराती

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. लोक स्वतः फॉर्म भरून पाठवतात, वर फोटो जोडून! कधीतरी लिहून काढावेत असं ठरवता ठरवता इतके साठले की आता विसरायला लागले. म्हणून हे थोडे.

आमची एक वेबसाइट आहे. भोसरी ते चाकण या पट्ट्यातल्या लोकांनी तिच्यावर फुकट जाहिराती टाकायच्या. खोली, बाइक, नोकरी, कांदा, काहीही. टाकलेली जाहिरात लगेच दिसत नाही. आधी ती 'पेंडिंग'मध्ये येते, म्हणजे माझ्याकडे. मी वाचते, ठीक असेल तर लाइव्ह करते.

ऑफिस म्हणजे भोसरीत टायरच्या दुकानावरची एक खोली, आणि माणसं तीन. मालक चौधरी सर. त्यांचं अख्खं आयुष्य एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्शन करण्यात गेलं. त्यामुळे आमच्याकडे जाहिरात एक तर 'ओके' असते, नाहीतर 'रिवर्क', नाहीतर 'रिजेक्ट'. रिवर्क म्हणजे कारण लिहून परत पाठवायची. भिंतीवर नियमांचा लॅमिनेट केलेला कागद आहे, त्याला सर एसओपी म्हणतात. दुसरी ज्योती. ती चिपळूणची, फोन घेते आणि बोलायची थांबत नाही. तिसरी मी. मी बोलायला सुरुवातच करत नाही.

"टीम बॅलन्स आहे," असं सर म्हणतात.

*

एसओपी क्रमांक चार आधी सांगते, कारण त्याच्यावर माझा जुना राग आहे.

मी लागायच्या आधीची गोष्ट. एकानं कूलर विकायला टाकला. सरांनी तो पेंडिंगमध्येच बघितला, फोन लावला आणि दुपारी कूलर ऑफिसात हजर! संध्याकाळी त्या माणसाचा रिव्ह्यू आला: "जाहिरात अजून दिसत नाही, पण कूलर गेला. साइट खूपच फास्ट आहे."

सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत म्हणे. तिसऱ्या दिवशी नवा नियम लॅमिनेट होऊन आला. जाहिरात लाइव्ह झाल्यावर एक तास स्टाफनं त्या नंबरवर फोन करायचा नाही. आधी जनता, मग आपण.

"आणि कूलर?" मी ज्योतीला विचारलं होतं.

"तुझ्या पाठीमागे हाय की गो. लाव ना, गरम होतंय."

*

भोसरीतल्या एका वर्कशॉपवाल्या काकांची जाहिरात: "फिटर पाहिजे. दिवाळीनंतर परत येणारा."

मी रिवर्कला टाकली. कारण लिहिलं, "अट स्पष्ट करावी."

काकांचा थेट फोन. ज्योतीनं स्पीकरवर टाकला. "मॅडम, तुमचं वर्कशॉप आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग तुम्हाला नाही कळायचं. दरवर्षी फिटर बोनस घेऊन गावाला जातो. जाताना म्हणतो, काका, भाऊबीज झाली की आलोच. चार वर्षं झाली, चार फिटर गेले. यापेक्षा स्पष्ट काय लिहू?"

सरांनी मान खाली घालून हात वर केला, ओके. जाहिरात लाइव्ह झाली. संध्याकाळी बीडकडच्या एका मुलाची कमेंट होती: "यायला तयार आहे. फक्त कुठल्या दिवाळीनंतर परत यायचं ते लिहिलेलं नाही."

काकांनी त्यालाच ठेवला. म्हणाले, "हा निदान विचारतोय तरी!"

*

चाकण मार्केटचे एक कांदेवाले शेठ रोज सकाळी जाहिरात टाकतात. भाव नसतो, वजन नसतं, फक्त तळहातावर ठेवलेल्या एका कांद्याचा फोटो. आता आमची एसओपी क्रमांक सात म्हणते की एकच फोटो दोनदा चालणार नाही. मी परत पाठवली.

शेठचा मेसेज आला, "मॅडम, हा कालचा नाही. कालचा गेला. हा आजचा कांदा आहे."

मी बारकाईनं बघितलं. खरंच वेगळा होता. मग रोज नवा कांदा येत राहिला आणि मी रोज ओके करत राहिले. महिन्याभरात माझी नजर अशी बसली, की एका गुरुवारी मी कारणाच्या रकान्यात लिहिलं, "हा सोमवारचा कांदा आहे."

शेठनी फोन केला. ज्योतीनं रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

"तुम्ही कांदा ओळखला?"

"देठाजवळ डाग आहे. सोमवारी पण होता."

मग शेठ हळूच म्हणाले, "मॅडम, मार्केटला पारखी म्हणून येता का?"

सरांनी हे ऐकलं आणि त्याच दिवशी माझी नोकरी पक्की केली. तीन महिन्यांचं प्रोबेशन दोन महिन्यांतच संपलं!

*

कुरुळीतून एके दिवशी जाहिरात आली: "कुकर विकणे आहे, पाच लिटर, शिट्टी नवीन." त्याच दुपारी दुसरी आली: "कुकर पाहिजे, पाच लिटर चालेल." पत्ता बघितला तर एकच! चाळ तीच, खोली तीच.

मला वाटलं कुणीतरी गंमत करतंय. ज्योतीनं दोघांना फोन लावले. दोघंही खरे निघाले. एक कायमचा फर्स्ट शिफ्टला, दुसरा कायमचा थर्डला. एका खोलीत राहून त्यांची सहा महिन्यांत नीट गाठ पडली नव्हती. कुकर पहिल्याच्या खोक्यात कॉटखाली होता, दुसरा त्याच कॉटवर झोपून कुकर शोधत होता.

"सांगून टाकू का त्यांना?" ज्योतीनं विचारलं.

"आपण जाहिरातवाले," सर म्हणाले. "दोन्ही ओके आहेत. लाइव्ह कर."

रविवारी सौदा झाला. रिव्ह्यूमध्ये पाच स्टार आणि खाली: "वस्तू चांगली. डिलिव्हरी फार जवळ."

*

आता घरचा एक.

माझ्या लग्नात आम्हाला भिंतीवरची सात घड्याळं आली. आम्ही कुरुळीत राहत होतो, दीर, जाऊ, त्यांच्या दोन मुली आणि आम्ही दोघं. खोल्या दोन. सासरचे म्हणतात, सून गरीब आहे, बोलत नाही. खरं म्हणजे त्या घरात बोलायला उभं कुठं राहायचं हाच प्रश्न होता. शिवाय त्यात सात घड्याळं.

एका सकाळी पेंडिंगमध्ये आलं: "घड्याळं, नग सहा, न वापरलेली." फोटोत खोक्यावर चमकीच्या कागदाचा तुकडा तसाच होता आणि त्यावर निळ्या पेनानं नाव लिहिलेलं, आत्यांचं. यांच्या आत्यांचं, कारण जाहिरात टाकणारा माझाच नवरा, अमोल, होता. आणि आत्या आमची साइट रोज बघतात.

मी लिहिलं, "फोटोत अहेर देणाऱ्याचं नाव दिसत आहे. रिवर्क."

घरी जेवताना अमोल म्हणाला, "तुमच्या ऑफिसात फोन घेणारी ती ज्योती फारच खडूस आहे बरं का. माझी एक साधी जाहिरात परत पाठवली."

"कसली?" जाऊबाईंनी विचारलं.

"असंच काहीतरी, जुनं सामान."

मी त्याला भाकरी वाढली आणि म्हटलं, "आत्यांचं तेवढं ठेव. बाकीच्या पाचांचा फोटो परत काढ."

त्याचा घास जो थांबला!

*

घड्याळं गेली, पण जागा काही झाली नाही. आम्ही खोली शोधायला लागलो.

तुम्हाला वाटेल, हिला काय, खोल्यांच्या जाहिराती सगळ्यात आधी हिलाच दिसतात. दिसतात ना! मी वाचते, ओके करते, मग चार नंबरच्या नियमानं एक तास घड्याळाकडे बघत बसते. तोपर्यंत खोली जाते. स्वतःच्या हातानं मी किती संसार मार्गी लावले असतील!

एखादी एक तासानंतरही उरलीच तर दुसरी गंमत. आम्ही बौद्ध आहोत, ते आडनावावरून कळतं. फोनवर मालक गोड बोलतात, नळाची वेळ सांगतात, मग विचारतात, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगते. लगेच त्यांना आठवतं की खोली आत्ताच गेली.

आणि चार दिवसांनी त्याच खोलीची जाहिरात 'रिन्यू करावी' म्हणून पेंडिंगमध्ये, माझ्यासमोर!

"रिजेक्ट मार त्याला," ज्योती म्हणायची.

मी वाचायची. जाहिरातीत काही चूक नसायची. ओके करायची. पण आमच्या एसओपीत क्रमांक नऊ आहे: जात, धर्म, आडनाव, गाव यांची अट चालणार नाही. जो कुणी ती अट लिहून पाठवायचा, त्याला मी सोडत नसे.

*

मोशीच्या एका आजींची जाहिरात आली. फोनमध्ये बोलून टाइप केलेली असावी. "खोली हाय. संडास आतच हाय. पानी सकाळी सातला येतं. चढ हाय. आडनाव बघून देनार."

मी परत पाठवली. "आडनावाची अट काढावी."

दहा मिनिटांत नवी. "आडनाव इचारनार न्हाई. गाव इचारीन."

परत पाठवली. "गावाची अटही काढावी."

तिसऱ्यांदा आली. "काईच इचारनार न्हाई. तोंड बघून ठरवीन. मी लई बोलते, आदीच सांगते."

मी सरांना दाखवली. ते भिंतीवरच्या कागदापाशी गेले, चष्मा वर करून वरून खाली सगळी कलमं वाचली आणि परत आले. "तोंडाबद्दल नियम नाही आपल्यात. ओके."

शेवटचं वाक्य मी खोडलं, कारण वस्तूशी संबंध नसलेला मजकूर चालत नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी जाहिरात लाइव्ह केली, आणि मग फोटो परत एकदा बघितला. पुढं छोटी गच्ची होती. मोशी म्हणजे माझ्या भोसरीच्या आणि अमोलच्या चाकणच्या बरोबर मध्ये. आणि आडनाव विचारणार नाही असं, निदान लेखी तरी, कबूल करणारी पट्ट्यातली ही एकच खोली.

"फोन कर," ज्योती म्हणाली. "मी बघितलं नाही. सरांनी पण बघितलं नाही."

सर खरोखरच कूलरमध्ये पाणी ओतत पाठमोरे उभे होते, आणि फार वेळ ओतत होते. पण मी थांबले. चाळीस लोकांनी जाहिरात बघितली. साठ. नव्वद. बारा वाजून अकराला मी फोन लावला.

"व्हय, हाय अजून," आजी म्हणाल्या. "पर फोनवर तोंड कसं दिसंल? चारला या."

अमोल फर्स्ट शिफ्ट करून कंपनीच्या बसनं परस्पर मोशीत उतरला. आम्ही चढ चढत होतो तर एक जोडपं खाली येत होतं. "नाही म्हणाल्या," त्यातला नवरा आम्हाला सांगत होता. "लई हसतोस म्हणे. सेल्समन वाटतोस."

अमोलनं तिथंच चेहरा सरळ केला.

आजी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी आधी अमोलला बघितलं, मग मला. "तुमचं आड..." एवढं म्हणाल्या आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. "न्हाई, न्हाई. इचारायचं न्हाई. त्या साइटवर कुनी येक बाई बसलीया, लई कडक. तीनदा लिव्हाय लावलं मला. आयुष्यात कुनी माझं बोलनं परत पाठवलं न्हवतं!"

अमोल गच्चीकडे बघायला लागला.

आजींनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "तू लई गप गं. काय काम करतीस?"

मी म्हटलं, "आजी, काहीच विचारणार नाही असं जाहिरातीत लिहिलंय."

लसणाची पाकळी आजींच्या हातातच राहिली. त्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. शेजारी अमोलचा श्वास मला ऐकू येत होता, म्हणजे येत नव्हता. मग त्यांनी हात पदराला पुसले, कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"पानी सातला येतं. चढ तू बघितलास," आजी म्हणाल्या. "आनि मी लई बोलते, ह्ये वाक्य का खोडलंस गं?"