तारेखालचा तोडा

कारल्याला मांडव लागतो. आमच्या वीस गुंठ्यांत बांबू रोवून डोक्याच्या वर लोखंडी तारा ओढल्यात आणि वेल सुतळीनं त्या तारांवर चढवलेत. खाली गर्द सावली असते. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरापेक्षा तिथंच बरं वाटतं.

विजेची भीती मला लहानपणापासूनची. माहेरी झाडाखाली बांधलेली बैलजोडी विजेनं गेलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. लग्न होऊन जेऊरजवळच्या या वस्तीवर आले, तर सासूबाईंना भीती कशाशी खातात तेच ठाऊक नाही. आभाळ भरलं की लोक घर गाठतात, या टोपली घेऊन रानात निघायच्या. त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं म्हणा. आमची काळी माती एकदा भिजली की दोन दिवस पाय घालू देत नाही, आणि तेवढ्यात कारली पिवळी पडून फुटतात. म्हणून पावसाच्या आत तोडा उरकायचाच, हा त्यांचा हट्ट.

आणि मी पडले शहाणी. मोबाईल वीज ओढून घेतो, असं कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. मी लगेच फर्मान काढलं: गडगडलं की मोबाईल बंद. सासूबाईंच्या साध्या फोनचं लाल बटण किती वेळ दाबून धरायचं, ते मीच शिकवलं. आठवडाभर रोज करून घेतलं. शेजारच्या घरीही जाऊन सांगून आले. "मास्तरीण आली गं बया," म्हणून सासूबाई माझी थट्टा करायच्या.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. नवरा पुण्याला कंपनीत, घरी आम्ही दोघीच. मी सुतळी आणि फवारणीचं औषध आणायला कुर्डुवाडीला गेले. जाताना ऊन नुसतं भाजत होतं. येताना वडापच्या जीपमध्ये बसले तेव्हा आमच्या गावाच्या अंगाला आभाळ काळं झालं होतं. वळवाचा पाऊस येणार, गारवा सुटणार, म्हणून जीपमधल्या बायका खूश होत्या. मी मात्र पिशवीतून मोबाईल काढला.

सासूबाईंना फोन लावला. बंद. आधी हायसं वाटलं, चला, ऐकलं तरी. मग लक्षात आलं, फोन बंद आहे एवढंच कळलं. त्या घरात आहेत की रानात, ते कुठं कळलं? शेजारी लावला, तोही बंद. परत लावला, परत बंद.

तेवढ्यात वीज चमकली आणि रस्त्याकडेच्या द्राक्षबागेच्या तारा लखकन उजळल्या. मूठभर मोबाईलची मी एवढी धास्ती घेतली होती, आणि आमचा मांडव अख्खा लोखंडाचा! तारेबद्दल मी एका शब्दानं काही बोलले नव्हते. कारण मला ते सुचलंच नव्हतं.

फाट्यावर उतरून पळत घरी आले. दाराला कडी, टोपली जागेवर नाही. तशीच रानात धावले. थेंब पडायला लागले होते. मांडवाखाली अगदी आत सासूबाई दिसल्या. एका हातानं तार धरून दुसऱ्या हातानं कारली तोडत होत्या. मी बांधावरून हाका मारल्या, पण गडगडाटात माझं मलाच ऐकू येईना. खोटं कशाला सांगू, आत जायला माझे पाय उचलत नव्हते. रडत रडतच वाकून आत शिरले.

"आत्या, चला भायेर! सोडा ती तार!"

"दोनच सरी तोडायच्या ऱ्हायल्यात की गं. अन भितीस कशाला एवढी? गडगडल्याबरुबर बंद केलाय की मोबाईल."

आणि कनवटीचा फोन काढून मला दाखवला. मी त्यांच्या मनगटाला धरलं आणि ओढत बाहेर काढलं. टोपली सांडली म्हणून त्या घरापर्यंत मला बोलत होत्या. उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं असेल नसेल, कानठळ्या बसवणारा कडकडाट झाला. दोघीही मटकन खाली बसलो.

सकाळी चिखल तुडवत गेलो. मांडवाच्या कोपऱ्यातला बांबू उभा चिरला होता. त्याच्या तारेवरची पानं एका रेषेत करपली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सांडलेली टोपली त्याच तारेखाली पडली होती.

सुनेनं सासूला वाचवलं, असं वस्तीवर अजून सांगतात. सासूबाई तर आल्या-गेल्याला चहा देता देता सांगतात. फोन बंद करून तारेखाली बिनघोर उभं राहायला त्यांना कुणी शिकवलं, हे त्यांच्या मनातही येत नाही. मी ऐकून घेते आणि कपबशा विसळायला उठते.