कापलेली अकरा पानं

इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेत आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेची मी सलग सहा वर्षं संपादक होते आणि हे चारचौघांत ताठ मानेने सांगत असे. संपादन म्हणजे काय, तर आलेल्या लेखात कुणाला टोचेल असं काही दिसलं की ते काढायचं, माजी अध्यक्षांचा फोटो मोठा टाकायचा आणि दिवाळीच्या आत पीडीएफ पाठवून मोकळं व्हायचं. माझा हा तोरा जिने उतरवला ती बाई आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. वय शहाऐंशी. मूळची मॉस्कोची. तिकडे एका मासिकात तिने तीस वर्षं संपादक म्हणून काम केलं.

ओळख झाली ती कपडे धुण्याच्या खोलीत. ती चादरींच्या घड्या घालत होती आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, जप चाललाय. शेजारी रशियन बातम्यांचे छापून आणलेले कागद आणि हे एवढं मोठं भिंग. पुण्यात असताना मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन तीन वर्षं रशियन शिकले होते. नोकरीत त्याचा उपयोग शून्य. तेवढीच हौस म्हणून मी वरचा मथळा मोठ्याने वाचला. तिने मान वर केली, माझे दोन उच्चार दुरुस्त केले आणि मग विचारलं, "तू कोण?"

तिची दृष्टी जात होती. नजरेच्या मधलं सगळं पुसट झालेलं, कडेकडेचं तेवढं शिल्लक. दारातून आलेलं माणूस तिला कळे, अक्षर मात्र लागत नसे. म्हणून दर शनिवारी दुपारी मी तिला वाचून दाखवायला जाऊ लागले. नवरा वैतागला. "अगं, वीकेंडला आधीच ग्रोसरी असते, लाँड्री असते. त्यात हे नवीन काय कमिट करून बसलीस यार?" मी म्हटलं, "तू तुझी मॅच बघ." मनातल्या मनात मी तिला मावशी म्हणू लागले होते, आणि मावशीकडे जायला कुणाची परवानगी लागत नाही.

मावशी ज्या संपादिकेच्या हाताखाली शिकली तिच्या दाराशी कायम एक छोटी बॅग भरून ठेवलेली असायची. त्यात लोकरी मोजे, साबण, दात घासायचा ब्रश. पोलीस पकडायला आले तर ऐनवेळी धांदल नको. बॅग दाराशी ठेवून ती आत निवांत स्वल्पविराम तपासत बसे. एका मैत्रिणीच्या कविता घरात सापडल्या तर दोघींची धडगत नव्हती, म्हणून तिने त्या पाठ करून कागद जाळून टाकले होते. मग मावशीची पिढी आली. बंदी घातलेलं लिखाण पातळ कागदांमध्ये कार्बन घालून टाइप करायचं, एका वेळी पाच प्रती. पाचवी इतकी फिकट यायची की ती खिडकीशी धरूनच वाचावी लागे. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. मी 'वेळेअभावी शुद्धलेखन तपासता आलं नाही, क्षमस्व' असं छापून निवांत झोपलेली बाई!

मग एका शनिवारी तिने सांगितलं की तिला एक काम पुरं करायचंय आणि त्याला माझे डोळे लागतील.

तिच्या मासिकात एक पत्रकार लिहीत असे. तो दूर उत्तरेला लाकूडतोडीच्या वसाहतीत जाऊन आला होता. कधीकाळी तिथे हद्दपार केलेल्या कुटुंबांतल्या बायका म्हाताऱ्या होऊन तिथेच राहिल्या होत्या. त्यांच्यावर त्याने दीर्घ लेख लिहिला. छापला गेला तो अकरा पानं कापून, आणि त्या अकरा पानांतच त्या बायका बोलत होत्या. मूळ पानं जाळण्याआधी मावशीने ती पाठ केली आणि गेली पंचेचाळीस वर्षं रोज, घड्या घालताना, बटाटे सोलताना, ती मनाशी म्हणत आली. मला जो जप वाटला होता तो हा.

पत्रकार केव्हाच वारला. त्याची मुलगीही पत्रकारच झाली. तिचं वर्तमानपत्र बंद पाडल्यावर ती देश सोडून युरोपात गेली आणि आता तिथून रशियन पुस्तकं छापते. वडिलांचा लेख तिला अखंड छापायचा होता. ती दर रविवारी मावशीला फोन करायची. मावशीला दुसरं जवळचं कुणी नव्हतं.

चार शनिवार मावशी बोलत होती आणि मी लॅपटॉपवर टाइप करत होते. परिच्छेद संपला की ती पेन्सिलीने टेबलावर टक् करायची. एक बाई होती. मुलांबद्दल विचारलं की ती वाटेत गाडीवरून उतरवून घेतलेल्या शिवणयंत्राबद्दलच बोलायची. ते टाइप करताना माझ्याने पुढे जाववेना. मावशी थांबली, मी नाक पुसेपर्यंत तिने वाट पाहिली आणि पुढचं वाक्य सुरू केलं. अकरा पानं! मला स्वतःचा नवा फोन नंबर पाठ नाही. या बाईच्या पाया पडावं असं मला त्या दिवशी खरंच वाटलं.

पाचव्या शनिवारी तिने प्रस्तावना सांगायला घेतली. ती छोटीच होती. त्यात हे होतं: "ही पानं सेन्सॉरने कापली नाहीत. लेख त्याच्याकडे जाण्याआधी मीच घाबरून ती कापली. लेखकाला मात्र मी सेन्सॉरचं नाव सांगितलं. उरलेला लेख वाचवला म्हणून त्याने माझे आभार मानले, आणि तो तसाच गेला."

मी टाइप केलं. घरी आल्यावर पुन्हा वाचलं आणि शेवटची दोन वाक्यं काढून टाकली. कापलं ते कापलं, पण खोटं बोलले हे कशाला? ती मुलगी हिला देवासारखं मानते. हे वाचून तिने फोन बंद केला तर या वयात हिने कुणाकडे बघायचं? आमच्याकडे वडीलधाऱ्यांचं असलं काही छापत नाहीत. सहा वर्षं मी हेच करत आले होते. हात सरावलेला होता.

पुढच्या शनिवारी मी सगळं वाचून दाखवलं. प्रस्तावना संपली. पेन्सिलीची टक् आली नाही.

"दोन वाक्यं कुठेत?"

मी म्हटलं, "तुमच्या भल्यासाठी काढली."

मला वाटलं, ती आता ओरडेल. तिने तोंड खिडकीकडे वळवलं. "मीही त्याच्या भल्यासाठीच कापली होती," ती म्हणाली. "निदान त्या दिवशी स्वतःला हेच सांगितलं होतं. घाल परत."

मला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. मी ती वाक्यं घातली, मोठ्याने वाचली, आणि तिच्यासमोरच फाइल पाठवली.

त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. मावशीने एका शब्दाने विचारलं नाही, पण मी गेले की तिचा फोन टेबलावर हाताशी ठेवलेला असे. मी स्वतःला शिव्या घालत होते. ती वाक्यं काढूनच टाकायला हवी होती, असंही मधेच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या रविवारी सकाळी मला त्या मुलीची ईमेल आली. छपाईसाठी जुळवलेली पानं आणि सोबत एकच शंका: "पान तीन. नदी गोठलेली होती असं आहे. बाबा बोटीने गेले होते. कृपया तपासावं." मी धावत खाली गेले आणि वाचून दाखवलं. मावशीने कपाळावर हात मारला. "बोटीनेच गेला होता! पंचेचाळीस वर्षं मी ती नदी गोठवून बसलेय. फोन लाव."

मी लावला, स्पीकरवर. कुणी कुणाची ख्यालीखुशाली विचारली नाही. दोघी थेट पान तीनवर गेल्या. पुढे अर्धा तास स्वल्पविराम, परिच्छेद, एका गावाचं स्पेलिंग. दोघींचे आवाज कोरडे, कामाचे. मी भिंतीला टेकून उभी होते.

शेवटी पलीकडून विचारणा झाली, "प्रस्तावनेत काही बदल?"

"नाही," मावशी म्हणाली. "आहे तशीच जाऊ दे."

मावशीने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"बरं," मुलगी म्हणाली. "मग पुढच्या रविवारी करते फोन."